लघवीची घाई : लाज नको, नोंद हवी



लकवा झालेल्या माणसाला भेटायला गेलो की आपण काय विचारतो? हात किती उचलतो, पाय टाकता येतो का, बोलणे सुधारले का, जेवण जाते का. कंपवाताच्या रुग्णाला विचारतो, थरथर कमी आहे ना? मणक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेल्या तरुणाला धीर देतो, होशील बाबा बरा. हे सारे विचारणे प्रेमापोटीच असते. परंतु त्या माणसाला दिवसभर ज्या गोष्टीची धास्ती असते ती कोणी विचारीत नाही आणि तोही आपण होऊन सांगत नाही. लघवी लागली की दम धरवत नाही. मोरीपर्यंत पोचेपोचेतो कपडे ओले होतात. रात्री तीन-तीन, चार-चार वेळा उठावे लागते आणि दर वेळी घरातल्या कोणाला तरी हाक मारावी लागते.

मग तो माणूस हळूहळू बाहेर पडणे सोडतो. लग्नाला येत नाही, विहारात येत नाही, बसने कोठे जायचे म्हटले की काहीतरी सबब सांगतो. आपल्या माता-भगिनी तर पाणीच पिणे कमी करतात. घरच्यांना वाटते, स्वभाव बदलला, चिडचिड वाढली. स्वभाव बदललेला नसतो. लघवीच्या पिशवीवरचा मेंदूचा ताबा सुटलेला असतो. हा आजाराचाच भाग आहे, चारित्र्याचा किंवा स्वच्छतेचा नव्हे, हे आम्ही प्रथम स्पष्ट सांगू इच्छितो.

आज आम्ही या त्रासाच्या एकाच बाजूविषयी लिहिणार आहोत : हा त्रास मोजायचा कसा? वाचकांना वाटेल, त्रास आहे तो आहे, त्याचे मोजमाप कशाला? परंतु ताप थर्मामीटरने मोजतो, रक्तदाब यंत्राने मोजतो, साखर रक्तातून मोजतो, म्हणूनच त्यावर नेमका उपचार होतो. लघवीच्या त्रासाबाबत मात्र डॉक्टर विचारतात, ‘त्रास किती?’ आणि आपण म्हणतो, ‘फार.’ या ‘फार’ शब्दावरून औषध ठरवता येत नाही आणि औषधाने गुण आला की नाही हेही कळत नाही.

शरीरात काय घडते?

आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी साधारण दीड ते दोन लिटर लघवी तयार करतात. ती मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत, साठते. मोठ्या माणसाच्या पिशवीत चारशे ते पाचशे मिली लघवी मावते. दीड-दोनशे मिली जमले की पहिली जाणीव होते. त्या वेळी मेंदू पिशवीला सांगतो, थांब, अजून वेळ आहे. सोय झाली की मेंदूच परवानगी देतो. मग पिशवी आकसते, तिचे तोंड सैल होते आणि लघवी होते. मेंदूचा हा निरोप पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून खाली जातो.

आता ही निरोपाची वाट कोठे तुटली यावर सारे अवलंबून असते. लकवा किंवा कंपवात झाला तर बिघाड मेंदूत असतो. ‘थांब’ म्हणणारा आवाज क्षीण होतो आणि पिशवी थोड्या लघवीवरच आकसू लागते. लकव्याने रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांपैकी सुरुवातीच्या दिवसांत जवळजवळ निम्म्यांना लघवीवर ताबा राहत नाही. पुष्कळांचा तो पुढे सुधारतो, काहींचा राहून जातो.

मज्जारज्जूला पाठीत किंवा मानेत इजा झाली, किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजाराने तेथील मज्जातंतू खराब झाले, तर प्रकार अधिक बिकट होतो. पिशवी आपोआप आकसते आणि त्याच वेळी तिचे तोंडही आवळले जाते. लघवीला बाहेर वाट मिळत नाही, आतला दाब वाढतो आणि तो उलट वर मूत्रपिंडांवर येतो.

तिसरा प्रकार याच्या अगदी उलट आहे. कमरेच्या अगदी खालच्या भागात इजा झाली, किंवा जुन्या मधुमेहाने मज्जातंतू मेले, तर पिशवी ढिली पडते. ती भरल्याचे कळतच नाही. पुरती भरली की लघवी थेंब थेंब बाहेर येते. घरच्यांना वाटते लघवी जास्त होते आहे. खरे पाहता ती तुंबलेली असते.

तिन्ही रुग्णांची तक्रार एकच असते, ‘कपडे ओले होतात.’ पण तिघांचे उपचार वेगळे. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर अपाय व्हायचा. म्हणूनच मोजमाप हवे.

खडकीने काय शिकवले

पुणेकरांना याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. खडकी येथे १९७४ सालापासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. युद्धात वा अपघातात मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालून किंवा मानेखालून अधू झालेले जवान तेथे राहतात. चाकाच्या खुर्चीवर बसून खेळतात, तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात, काम करतात. तेथून जवळच असलेल्या खडकीच्या लष्करी रुग्णालयातही मज्जारज्जूच्या इजेच्या रुग्णांसाठी खास विभाग आहे.

एके काळी अशा इजेनंतर माणूस जगत नसे. पहिल्या महायुद्धात पाठीचा कणा मोडलेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात दगावले. कण्याच्या जखमेपेक्षा त्यांना अंथरुणातील क्षते, तुंबलेली लघवी, तिच्यातील जंतू आणि निकामी होणारी मूत्रपिंडे यांनी मारले. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा सैनिकांसाठी विभाग सुरू केला. नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेले हे डॉक्टर. त्यांनी दोन गोष्टींवर सर्वाधिक भर दिला, कातडीची काळजी आणि लघवीची काळजी. माणसे जगू लागली. १९४८ साली त्यांनीच रुग्णांचे खेळ भरवले आणि त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले.

त्याच पॅरालिम्पिकमध्ये, १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे, आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशी उदाहरणे सांगतात की कण्याला इजा झाली म्हणून आयुष्य संपत नाही. मात्र मूत्रपिंडे राखली पाहिजेत आणि ती राखण्यासाठी लघवीचा हिशेब ठेवला पाहिजे.

लष्करात हा हिशेब शिस्तीने ठेवला जातो. वस्तीतल्या एका खोलीत तो कोणी ठेवायचा? आमचे उत्तर असे की तो रुग्णाने आणि घरच्यांनी मिळून ठेवायचा. त्याला यंत्र लागत नाही.

पहिले माप : तीन दिवसांची वही

शाळेची एक वही घ्या. औषधाच्या दुकानात मिळणारे, मिलीच्या खुणा असलेले प्लॅस्टिकचे भांडे घ्या. भगिनींना सोयीचे म्हणून एखाद्या रुंद भांड्यात लघवी करून ती मापात ओतली तरी चालते. वहीच्या पानावर पाच रकाने आखा : वेळ, काय व किती प्यायले, लघवी किती मिली, घाई किती, कपडे ओले झाले का. घाईसाठी साधी खूण करावी. घाई नसेल तर शून्य, थोडी असेल तर एक रेघ, अजिबात दम धरवला नाही तर दोन रेघा. असे सलग तीन दिवस व तीन रात्री लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे आणि घरातल्या शाळकरी मुलाने लिहावे. त्यात काही कमीपणा नाही.

नोंद कशी दिसेल? सकाळी ६ वाजता, २०० मिली, घाई शून्य. ७ वाजता चहा एक कप. ७.४० वाजता, ९० मिली, दोन रेघा, ओले झाले. ९ वाजता, ८० मिली, दोन रेघा. अशा तीन दिवसांच्या नोंदी डॉक्टरांच्या समोर ठेवल्या की अर्ध्या तासाच्या बोलण्यात जे कळत नाही ते दोन मिनिटांत कळते.

पहिली गोष्ट, प्रत्येक वेळी लघवी थोडी-थोडी होते की भरपूर? थोडी-थोडी आणि घाईची असेल तर पिशवी अतिक्रियाशील असण्याचा संभव. भरपूर असेल तर पिशवीचा दोष नसून लघवीच जास्त तयार होत आहे, मग साखर तपासली पाहिजे.

दुसरी गोष्ट, रात्रीची लघवी एकूण लघवीच्या किती? वयस्क माणसाची रात्रीची लघवी चोवीस तासांच्या लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल तर कारण वेगळे असू शकते. दिवसभर पायावर साठलेली सूज आडवे पडल्यावर उतरते, हृदयाचा त्रास असतो, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतलेली असते, किंवा झोपताना तांब्याभर पाणी प्यायलेले असते.

तिसरी गोष्ट, माणूस पाणी किती पितो? कित्येकांच्या वहीत दिवसाचे पाणी जेमतेम तीन-चार पेले निघते. कपडे ओले होऊ नयेत म्हणून केलेला हा उपाय उलटतो. लघवी गडद होते, पिशवीला चुरचुर लागते, बद्धकोष्ठ होते आणि भरलेले आतडे पिशवीला आणखी दाबते.

दुसरे माप : चार प्रश्न, पंधरा गुण

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनेने २००२ साली या त्रासाची व्याख्या ठरवली. अतिक्रियाशील मूत्राशयाचे मुख्य लक्षण म्हणजे घाई. बहुधा तिच्याबरोबर दिवसा वारंवार आणि रात्री उठून लघवी होते, कपडे ओले होतात किंवा होत नाहीत. याच व्याख्येला धरून जपानमधील डॉ. युकिओ होम्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली चार प्रश्नांची एक पट्टी प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी आहे की घरी बसून गुण देता येतात.

पहिला प्रश्न, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत किती वेळा लघवी? सातपर्यंत असेल तर ०, आठ ते चौदा असेल तर १, पंधरा वा अधिक असेल तर २ गुण.

दुसरा, रात्री झोपेतून किती वेळा उठावे लागते? एकदाही नाही तर ०, एकदा १, दोनदा २, तीन वा अधिक वेळा ३ गुण.

तिसरा, एकाएकी लागून दम धरणे कठीण होते असे किती वेळा? कधीच नाही ०, आठवड्यातून एकदापेक्षा कमी १, आठवड्यातून एकदा वा अधिक २, रोज एकदा ३, रोज दोन ते चार वेळा ४, रोज पाच वा अधिक वेळा ५ गुण.

चौथा, दम न धरवल्यामुळे कपडे ओले होणे किती वेळा? याचे गुण तिसऱ्यासारखेच, ० ते ५.

एकूण गुण पंधरा. तिसऱ्या प्रश्नाला किमान २ आणि एकूण किमान ३ गुण असतील तरच हा आजार धरतात. पाचपर्यंत सौम्य, सहा ते अकरा मध्यम, बारा व त्यावर तीव्र.

समजा, ताडीवाला रोडला राहणारे एक काका आहेत, कंपवाताचे रुग्ण. दिवसा ११ वेळा लघवी, म्हणजे १ गुण. रात्री ३ वेळा, ३ गुण. घाई रोज तीनदा, ४ गुण. कपडे ओले रोज एकदा, ३ गुण. बेरीज ११, त्रास मध्यम, तीव्रतेच्या उंबरठ्यावर. दोन महिने उपचार केल्यावर पुन्हा मोजले : दिवसा ९ वेळा, गुण १, रात्री दोनदा, गुण २, घाई रोज एकदा, गुण ३, ओले होणे आठवड्यातून एकदा, गुण २. बेरीज ८. काका म्हणतील, ‘अजून त्रास आहेच.’ खरे आहे. पण तीन गुण उतरले, औषध लागू पडते आहे, ते अर्ध्यावर सोडू नये, हे त्या आकड्याने सांगितले. तोंडी उत्तरावर गेलो असतो तर काकांनी गोळी बंद केली असती.

येथे भाषेचा एक मुद्दा ध्यानी घ्यावा. लघवी ‘लागणे’ निराळे आणि ‘दम न धरवणे’ निराळे. नुसते ‘घाई होते का?’ विचारले तर कामाला जायची घाई असलेलाही हो म्हणतो. म्हणून घरच्यांनी असे विचारावे : ‘लागली की हातातले काम पुरे करून जाता येते, की सगळे टाकून धावावे लागते?’ परिचारिका म्हणून, आया म्हणून काम करणाऱ्या आपल्या भगिनींनी तर हा प्रश्न आपल्या बोलीत रुग्णाला विचारायला मुद्दाम शिकावे. केसपेपरवरच्या पुस्तकी शब्दापेक्षा त्याचे उत्तर खरे येते.

माप कोठे अपुरे पडते

ही चार प्रश्नांची पट्टी सर्वसाधारण रुग्णांसाठी तयार झाली. मज्जासंस्थेच्या रुग्णाला ती लावताना सावध राहावे लागते. ज्याच्या कमरेखाली संवेदनाच नाही त्याला घाई जाणवणार कशी? त्याला घाईचे शून्य गुण मिळतील आणि आत पिशवीचा दाब मात्र भयंकर असेल. जो नळीने लघवी काढतो त्याला ‘किती वेळा लघवीला जाता?’ हा प्रश्नच लागू होत नाही. ही अडचण ओळखून कॅनडातील डॉ. ब्लेन वेल्क यांच्या गटाने मज्जारज्जूची इजा, मल्टिपल स्क्लेरोसिस व जन्मजात कण्याचा दोष असलेल्या रुग्णांसाठी चोवीस प्रश्नांची निराळी पट्टी तयार केली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. कपडे ओले होणे, साठवण आणि निचरा, वारंवार होणारा जंतुसंसर्ग व खडे, आणि या सर्वांमुळे जगण्यावर होणारा परिणाम, असे सारे ती विचारते.

कंपवाताच्या रुग्णाचा आणखी एक प्रश्न असतो. पिशवी त्याला दोन मिनिटे देते, पण उठायला एक मिनिट, चालायला दोन मिनिटे आणि लेंग्याची नाडी सोडायला आणखी एक मिनिट लागते. कपडे ओले झाले ते पिशवीमुळे की नाडीमुळे? आमच्या मते प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ असावी : खाटेपासून मोरी किंवा संडास किती पावलांवर आहे? बंगल्यात राहणाऱ्यासाठी ती दहा पावले असतील. ज्या वस्तीत सार्वजनिक संडास गल्लीच्या टोकाला आहे आणि सकाळी रांग आहे, तेथे तीच पिशवी, तोच आजार, पण त्रास चौपट. हे कोणतीही परदेशी पट्टी विचारणार नाही. आपणच डॉक्टरांना सांगितले पाहिजे. उपायही आपल्याच हाती आहेत. खाटेजवळ भांडे ठेवावे, पुरुषांसाठी तोंड अरुंद असलेले युरिन पॉट ठेवावे, नाडीऐवजी इलॅस्टिक वापरावे, रात्री मंद दिवा ठेवावा, वाटेतील पाट-बादली बाजूला करावी. रात्रीच्या अशा धावपळीतच म्हातारी माणसे पडतात आणि मांडीचे हाड मोडून घेतात.

तिसरे व चौथे माप : रुग्णालयात होणारे

दोन मापे मात्र घरी होत नाहीत. एक, लघवी केल्यावर पिशवीत किती उरली? सोनोग्राफीने हे काही मिनिटांत कळते, सुई टोचावी लागत नाही. शंभर-दीडशे मिलीच्या वर वारंवार उरत असेल तर डॉक्टर सावध होतात. पिशवी शांत करणारे औषध देण्याआधी हे पाहणे जरूर आहे. कारण जिचा मुळातच निचरा होत नाही ती पिशवी या औषधाने पुरती तुंबेल.

दुसरे, पिशवीच्या आतला दाब. त्यासाठी बारीक नळी घालून, पिशवी सावकाश भरून दाब मोजतात. या तपासणीला युरोडायनॅमिक तपासणी म्हणतात. १९८१ साली अमेरिकेतील डॉ. मॅकग्वायर व सहकाऱ्यांनी कण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलांची पाहणी केली. ज्यांची लघवी पाण्याच्या ४० सेंटीमीटर उंचीहून जास्त दाबावर गळत होती, त्यांची मूत्रपिंडे धोक्यात आलेली दिसली. तेव्हापासून हा आकडा डॉक्टर धोक्याची खूण म्हणून ध्यानात ठेवतात. प्रत्येक लकव्याच्या रुग्णाला ही तपासणी लागत नाही. मज्जारज्जूच्या इजेच्या रुग्णाने मात्र, त्रास नसला तरी, ‘मला ही तपासणी हवी का?’ असे विचारलेच पाहिजे. कपडे कोरडे आहेत म्हणून मूत्रपिंडे सुखरूप आहेत असे समजू नये.

मोजले, पुढे काय?

उपचाराचा पहिला भाग औषधाविना आहे. वहीवरून कळते की दर दोन तासांनी घाई होते. मग दर पावणेदोन तासांनी, लागो न लागो, जाऊन यायचे. हळूहळू हे अंतर वाढवायचे. चहा कमी, पाणी दिवसा पुरेसे, झोपण्याआधी दोन तास थोडे. पोट साफ राहील असे खाणे. ज्यांना जमेल त्यांनी लघवी रोखून धरताना आवळले जाणारे स्नायू आवळण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकावा.

त्यानंतर गोळ्या. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन यांसारख्या गोळ्या पिशवी शांत करतात, पण तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते आणि म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो. मिराबेग्रॉन निराळ्या प्रकारे काम करते, तिच्यासाठी रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. गोळ्यांनी भागले नाही तर पिशवीच्या भिंतीत बोट्युलिनम औषधाची इंजेक्शने देतात. यातले काहीही शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नये.

ज्यांच्या पिशवीचा निचरा होत नाही त्यांच्यासाठी सर्वात मोठा आधार म्हणजे दिवसातून चार ते सहा वेळा स्वतः स्वच्छ नळी घालून लघवी काढणे. १९७२ साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिले की यासाठी शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकपणा लागत नाही, साबणाने धुतलेले हात व स्वच्छ नळी पुरते. ऐकायला भीती वाटते. शिकल्यावर मुलेसुद्धा स्वतः करतात आणि शाळेत जातात. प्रत्येक वेळी किती निघाली हे वहीत लिहायचे. एका वेळी पाचशे मिलीच्या वर निघत असेल तर नळी घालण्याच्या वेळा वाढवायच्या.

काही खुणा मात्र वहीत लिहून थांबायच्या नाहीत, तडक रुग्णालय गाठायचे. थंडी वाजून ताप, लघवीत रक्त, लघवी पूर्ण बंद, किंवा कंबरदुखीबरोबर बसायच्या जागेला एकाएकी बधिरपणा व पायांत अशक्तपणा. मानेत वा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूची इजा असलेल्या रुग्णाचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर ती पिशवी तुंबल्याची हाक असू शकते. रक्तदाब धोक्याच्या पातळीवर जातो. त्याला ताबडतोब उठवून बसवावे, नळी दुमडली वा तुंबली आहे का पाहावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

हक्काच्या कागदावरही हेच माप

आता एक शेवटचा मुद्दा, जो आपल्या कुटुंबांच्या पोटापाण्याशी संबंधित आहे. २००१ साली केंद्र सरकारने अपंगत्व मोजण्याची जी तत्त्वे राजपत्रात दिली, त्यात मज्जासंस्थेमुळे झालेल्या लघवीच्या त्रासालाही टक्के होते. अडखळत वा वारंवार लघवी २५, दम न धरवणे ५०, अधूनमधून पण पुन्हा पुन्हा कपडे ओले होणे ७५, लघवी पूर्ण तुंबणे वा अजिबात ताबा नसणे १००. पुढे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकार झाले आणि त्यात कंपवात व मल्टिपल स्क्लेरोसिस यांची नावे आली. मोजण्याची तत्त्वेही त्यानंतर बदलली आहेत, म्हणून आजचे टक्के तपासणी मंडळाकडूनच समजून घ्यावेत. पण मूळ गोष्ट बदललेली नाही. चाळीस टक्के ही सवलतींची पायरी आहे. मंडळासमोर रुग्ण हात दाखवतो, पाय दाखवतो आणि लघवीचे लाजेने बोलत नाही. न सांगितलेला त्रास कागदावर येत नाही. ज्याने तीन दिवसांची वही आणि डॉक्टरांचे गुण केसपेपरला जोडले, त्याचे म्हणणे लेखी झाले.

या कामात एकटे पडायचे कारण नाही. पुण्यात कंपवाताच्या रुग्णांचे व त्यांच्या घरच्यांचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटीची पुणे शाखा आहे. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात तपासणीची सोय आहे. तेथे गेल्यावर सांगायला आपल्याजवळ काय आहे, हा प्रश्न आहे.

आणि सांगणारे नेहमी रुग्णच असतात असे नाही. रात्री चार वेळा उठून चादर बदलणारी सून, पहाटे तीच चादर पिळून कामावर जाणारी मुलगी, बायकोला हात धरून नेणारा सत्तरीचा नवरा, यांची झोप कोणत्या पट्टीत मोजली जाते? त्यांनीही वहीच्या शेवटच्या पानावर आपले लिहावे : रात्री किती वेळा उठलो, किती कपडे धुतले. डॉक्टरांनी ते वाचावे असा आग्रह धरावा. उपचाराचे एक कारण तेही आहे.

तेव्हा, वाचक हो, घरात, शेजारी, नात्यात लकव्याचा, कंपवाताचा, मणक्याच्या इजेचा रुग्ण असेल तर या रविवारी त्याच्याजवळ बसा. आजूबाजूला चार माणसे नाहीत असे पाहून हळू आवाजात विचारा, ‘लघवीचे काय? दम धरवतो का?’ तो आधी नाही म्हणेल. मग थोडे थांबा. तो बोलू लागला की वही उघडा, पाच रकाने आखा आणि पहिली वेळ लिहा.